आधी उंची मोजा, मग तिकिटं काढा

सहलींचे प्रश्न, बाईंची उत्तरं

प्रश्न : नमस्कार बाई. नागपूरहून नणंद, तिचे यजमान आणि दोन मुलं नाताळच्या सुट्टीत आमच्याकडे येत आहेत, २५ डिसेंबरला पोचतील, २९ला रात्री निघतील. काल फोनवर मुलांनी ‘मामी, इमॅजिकाला जायचंच’ म्हणून धोशा लावला. तिची मुलगी पंधरा वर्षांची, मुलगा अकराचा, माझी लेक सहा वर्षांची. सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात, पण त्यांना एकटं घरी ठेवणं बरं दिसत नाही. आम्ही एकूण आठजण, आमची गाडी पाच जणांची. हाताशी चार दिवस आहेत. जमेल का? की नाही म्हणून सांगू?
– एक वाचक, बिबवेवाडी

उत्तर : जमेल, नाही म्हणू नका. तुमचा निरोप मिळाला त्याच रात्री मी फोनवर थोडक्यात कळवलं होतंच. हा अंक हाती पडेल तेव्हा आणखी कितीतरी घरांत हीच धांदल चालू असेल, म्हणून सविस्तर लिहिते. इमॅजिका म्हणजे घाटाखाली खोपोलीजवळचं मोठ्या राइड्सचं पार्क.

सगळ्यात आधी गाडी ठरवा. लोक तिकिटं काढून मोकळे होतात आणि मग गाडी शोधत फिरतात. नाताळच्या आठवड्यात पुण्यात भाड्याच्या मोठ्या गाड्या गोवा-महाबळेश्वरकडे गेलेल्या असतात. सात आसनी गाडीत आठजण कोंबू नका. तुमची गाडी आणि एक छोटी भाड्याची, किंवा सरळ टेम्पो ट्रॅव्हलर. चालकाला पहाटे साडेपाचची वेळ सांगा आणि आदल्या रात्री तो दुसऱ्या फेरीवर नाही ना, हे आवर्जून विचारा. मी अठ्ठावीस वर्षं शाळेच्या सहली नेल्या. झोप न झालेल्या चालकाची जितकी धास्ती घेतली, तितकी कुठल्याच पाळण्याची घेतली नाही.

मग वार. शनिवार-रविवार टाळा. सुट्टीच्या शनिवारी सकाळी मुंबईची गर्दी घाट चढून लोणावळ्याकडे येते. वाहनं फारच तुंबली की महामार्ग पोलीस मुंबईकडे जाणारी वाहतूक थोडा वेळ रोखून त्या मार्गिकांवरूनही गाड्या वर सोडतात. तुम्ही खाली उतरणार म्हणून सुटलात असं समजू नका, थांबवून ठेवतील ते तुम्हालाच. तुमच्या मुक्कामात जो कामाचा वार येतो तोच धरा. मराठी शाळा त्या आठवड्यात बहुधा चालू असतात, तेवढाच फरक पडतो. तिकीट ठरावीक तारखेचं असतं, दर दिवसागणिक बदलतो. ते पार्कच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच काढा, व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या निम्म्या किमतीच्या लिंकवरून नको. वॉटर पार्कचं तिकीट वेगळं असतं. एका दिवसात दोन्ही उरकायचा मोह धरू नका.

पण तिकिटांआधी आणखी एक काम करा. नणंदेला आजच फोन करून दोन्ही मुलांना भिंतीला उभं करायला सांगा, अनवाणी, आणि सेंटिमीटरमध्ये उंची मोजायला सांगा. तुमच्या लेकीचीही मोजा. हे मी कळकळीने सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्या भाच्याला घेऊन एका पार्कात गेले होते. सर्वांत मोठ्या राइडच्या रांगेत तासभर उभे राहिलो. टोकाला उंचीची पट्टी होती, पोरगा दोन बोटं कमी भरला. तिथल्या माणसाचं काही चुकलं नव्हतं, तो नियम पोराच्याच जिवासाठी होता. भाचा रडला असता तर बरं झालं असतं. तो गप्प झाला आणि मग दिवसभर कशातच बसेना. घरून उंची मोजून, यादीशी ताडून नेलं असतं तर त्याने वाटेतच मन दुसरीकडे वळवलं असतं. प्रत्येक राइडची अट वेगळी असते. अकरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हे हमखास अडतं. त्याला आधी माहीत असू द्या.

इमॅजिका २०१३ साली सुरू झालं, त्यानंतर मी तीनदा मुलं घेऊन गेले आहे. दार उघडायच्या आधी पोचा. आत शिरल्यावर बहुतेक लोक समोर दिसेल त्या पहिल्या रांगेत उभे राहतात. तुम्ही तसं न करता भाचीला आणि तिच्या बाबांना थेट ‘नायट्रो’कडे पाठवा. त्या रोलर कोस्टरला पायाखाली फळी नाही, पाय अधांतरी लोंबतात आणि पाच वेळा उलटं व्हायला होतं. पंधरा वर्षांच्या मुलीने सांगत सुटावं असंच आहे ते! त्याच वेळी तुम्ही धाकटीला घेऊन मेरी-गो-राउंडवर जा. आठहीजणांनी दिवसभर एकमेकांना धरून चालायचं, हा आपल्याकडचा हट्ट सोडा. एका जागी, एका वेळी जेवायला भेटायचं, एवढंच ठरवा. गर्दीत फोन लागेलच असं नाही, म्हणून ती जागा आत शिरतानाच मुलांना दाखवून ठेवा. धाकटीच्या फ्रॉकच्या खिशात तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या.

भाच्याला ‘राजासॉरस’च्या होडीत बसवताना एक सांगा. हा डायनासोर कुणी कल्पनेने रचलेला नाही. गुजरातेत खेडा जिल्ह्यात त्याची हाडं सापडली आणि २००३ साली नर्मदेच्या नावावरून त्याचं शास्त्रीय नाव ठेवलं गेलं. माझ्या वर्गातली मुलं हे ऐकल्यावर होडीत जास्त जोरात किंचाळायची. कपडे मात्र भिजतात, एक जोड जास्तीचा घ्या. स्वेटर गाडीतच राहू दे. पुण्यात पहाटे हुडहुडी भरते, पण घाट उतरून खोपोलीत आलं की ऊन लागतं.

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. म्हणून दशम्या आणि चटणी गाडीतच पोटभर खाऊन घ्या आणि आत बाराच्या आधी किंवा दोननंतर जेवा. एक वाजताच्या रांगेत भुकेलं मूल घेऊन उभं राहणं फार वाईट. जास्तीचे पैसे भरून लहान रांगेत सोडणारा पासही मिळतो. आठहीजणांना नको, मोठ्या दोन मुलांना आणि त्यांच्याबरोबरच्या एका मोठ्या माणसाला घेतला तरी पुरे.

आता सासूबाई. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यांचं वय आहे, गुडघे आहेत, पण त्यांना काय हवंय ते कुठेच नाही. विचारलंत का त्यांना? यायचं असेल तर चाकाची खुर्ची मिळेल का ते आधी फोन करून पक्कं करा आणि तुमच्यातल्या एकाने दिवसभर त्यांच्याजवळ राहायचं हे घरीच ठरवा. तिथे ठरवायला गेलात तर ते काम तुमच्यावरच येऊन पडेल. आणि त्या ‘मला नको ती दगदग’ म्हणाल्या, तर तेही खरं माना, परकेपणा समजू नका. त्यांच्यासाठी दुसरा दिवस काढा. कोथरूडला कर्वे रस्त्याजवळ जोशींचं छोट्या रेल्वेगाड्यांचं संग्रहालय आहे, १९९८ पासून. खुर्चीत बसून अख्खं गाव, सिग्नल, धावत्या गाड्या बघायच्या. सहा वर्षांच्या नातीला आजीच्या मांडीवरून ते सगळं दिसतं. किंवा कात्रजचं प्राणिसंग्रहालय. तिथे बॅटरीवर चालणारी गाडी आहे, बुधवारी मात्र बंद असतं.

परतीला सगळे निघतात तेव्हा निघू नका. पाचच्या आत बाहेर पडा, नाहीतर संध्याकाळची मिरवणूक बघून सावकाश निघा. घाट चढताना गाडी भरलेली असेल, एसी बंद ठेवा, इंजिन तापत नाही. निघण्याआधी सकाळीच डाळ-तांदूळ मोजून डब्यात काढून ठेवा, रात्री आल्यावर खिचडीचा कुकर तेवढा लावायचा राहील.