बाहेरचे बोलतात तेव्हा काय करायचं (मुंबई सिटी एफसी या फुटबॉल क्लबच्या नव्या फॅनसाठी)

मित्रा, "मुंबईत फुटबॉल कोण बघतं रे" ऐकून तुझं डोकं फिरलं ना, आमचंही फिरायचं. सुरुवातीला दोनच गोष्टी सांभाळ.

१. प्रत्येकाशी भांडत बसू नको. क्रिकेटला नावं ठेवणं ही नव्या फॅनची सगळ्यात कॉमन चूक, क्रिकेटवाला आपला दुश्मन नाहीये, त्याला एकदा अंधेरीच्या ग्राउंडवर मॅचला घेऊन ये.

२. इतिहास माहीत करून घे. "कालचा क्लब" म्हणतात, तर क्लब २०१४ चा आहे हे सरळ मान्य कर, लपवायचं काय त्यात, पण मुंबईचा फुटबॉल कालचा नाही, रोव्हर्स कप ही फुटबॉल स्पर्धा १८९१ ला इथेच सुरू झाली, कूपरेज मैदानावर किती पिढ्यांनी मॅच बघितल्यात. आणि २०२२ ला आपण इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवलं, एएफसी चॅम्पियन्स लीगच्या (आशियातल्या क्लबांची मोठी स्पर्धा) ग्रुप स्टेजमध्ये भारतीय क्लबचा पहिला विजय, अजून अंगावर काटा येतो यार!

कोलकाता-केरळचे फॅन बोलले तर आधी ऐकून घे, त्यांचं फुटबॉलचं वेड खरं आहे. टॅक्टिक्स, ट्रान्सफर वगैरे नंतर बघू. पुढच्या होम मॅचला ये, आम्ही स्टँडमध्ये असतोच.