प्रमाणपत्रावर ‘अवॉर्डेड विथ’ लिहावं का? ‘अवॉर्ड’चा अर्थ आणि वापर

ऐरोलीतल्या तुमच्या सोसायटीच्या गणेशोत्सव स्पर्धांची प्रमाणपत्रं इंग्रजीत छापायची आहेत. त्यावर ‘अवॉर्डेड विथ फर्स्ट प्राइज’ चालेल का, आणि ‘अवॉर्ड’ व ‘प्राइज’ यांत फरक काय, असं तुम्ही विचारलंय. छपाईला जायच्या आधी ‘विथ’ काढून टाका. ‘हॅज बीन अवॉर्डेड द फर्स्ट प्राइज’ एवढंच लिहा.

‘अवॉर्ड’ हे क्रियापद ‘गिव्ह’सारखं चालतं, त्याला दोन कर्मं लागतात: कोणाला आणि काय. ‘द जजेस अवॉर्डेड स्नेहा द फर्स्ट प्राइज.’ व्यक्ती आधी आली तर मध्ये कुठलाच शब्द लागत नाही. बक्षीस आधी आलं तर ‘टू’ लागतो: ‘द फर्स्ट प्राइज वॉज अवॉर्डेड टू स्नेहा.’ कशाबद्दल ते ‘फॉर’ने सांगायचं आणि स्पर्धेच्या नावाआधी ‘इन’ घालायचा. ‘विथ’ आपल्याकडे घुसतो तो ‘पुरस्काराने सन्मानित’ या मराठी वळणातून, आणि ‘ऑनर्ड विथ’, ‘प्रेझेंटेड विथ’ या बरोबर असलेल्या इंग्रजी जोड्यांमुळे. त्या दोघांना ‘विथ’ चालतो, ‘अवॉर्ड’ला नाही. ‘कन्फर’चंही तसंच. पदवी ‘कन्फर्ड ऑन हर’ असते, ‘कन्फर्ड हर विथ’ नव्हे.

आता अर्थ. ‘अवॉर्ड’चं मूळ जुन्या फ्रेंचमध्ये आहे आणि तिथे त्या क्रियापदाचा अर्थ निरखून पाहणं, पारखणं असा होता. आजही या शब्दात कोणीतरी पारखून दिलेला निर्णय असतो. म्हणूनच फुटबॉलमध्ये रेफरी पेनल्टी ‘अवॉर्ड’ करतो, परीक्षक प्रत्येक पायरीला दोन मार्क ‘अवॉर्ड’ करतात, महापालिका निविदा उघडून कंत्राट ‘अवॉर्ड’ करते. यातल्या एकाही ठिकाणी ‘पुरस्कार’ हा अर्थ बसत नाही, ‘निर्णय करून देणं’ सगळीकडे बसतो.

नवी मुंबईत तर या शब्दाचा दुसरा अर्थ कित्येक घरांच्या कपाटात आहे. सिडकोसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या गावांच्या जमिनी संपादित झाल्या. तेव्हा लागू असलेल्या 1894च्या भूसंपादन कायद्याच्या कलम 11नुसार जिल्हाधिकारी क्षेत्र, मोबदला आणि त्याची वाटणी ठरवून जो निर्णय देत तो ‘अवॉर्ड’, म्हणजे निवाडा. ‘अवॉर्डची नक्कल काढा’ असं साडेबारा टक्क्यांच्या (जमीन गेलेल्यांना विकसित भूखंड परत देण्याच्या सिडकोच्या योजनेच्या) फायलीसाठी कोणी सांगितलं, तर त्याचा मानचिन्हाशी काही संबंध नाही. लवादाच्या निर्णयालाही ‘अवॉर्ड’च म्हणतात. 1996च्या लवाद कायद्यानुसार तो न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा अमलात आणता येतो. अशा कागदाचं भाषांतर करताना ‘पुरस्कार’ लिहिलं तर अर्थाचा अनर्थ होतो, हे दुभाष्यांनी आणि टंकलेखकांनी खरंच जपायला हवं.

‘प्राइज’ म्हणजे स्पर्धेत जिंकलेली गोष्ट: चषक, रोख रक्कम, डबा, पुस्तक. ‘अवॉर्ड’ला स्पर्धा असलीच पाहिजे असं नाही. वर्षभर गच्चीवरची बाग सांभाळणाऱ्या काकूंना सोसायटी ‘अवॉर्ड’ देऊ शकते, त्यांनी कशात भाग घेतलेला नसला तरी. ‘रिवॉर्ड’ वेगळा, तो केलेल्या कामाच्या बदल्यात मिळतो. हरवलेलं पाकीट आणून देणाऱ्याला किंवा पोलिसांना माहिती देणाऱ्याला मिळतं ते ‘रिवॉर्ड’. मराठीत तिन्हींना ‘बक्षीस’ म्हणून भागतं, त्यामुळे इंग्रजीत लिहिताना गोंधळ होतो.

तुमच्या कामाचा मुद्दा असा: ‘अवॉर्ड’ करतात ते परीक्षक, आणि प्रमुख पाहुणे ‘प्रेझेंट’ करतात. निर्णय एकाचा, हात दुसऱ्याचा. म्हणून कार्यक्रमपत्रिकेत ‘प्राइजेस विल बी प्रेझेंटेड बाय’ आणि पुढे पाहुण्यांचं नाव, असं लिहा. ‘यांच्या शुभहस्ते’चं शब्दशः ‘अॅट द हँड्स ऑफ’ करू नका. इंग्रजीत हा वाक्प्रयोग बहुतेक वेळा पराभव किंवा त्रास कोणाकडून झाला हे सांगायला येतो, आणि पाहुण्यांच्या नावाआधी तो वाईट दिसतो.

प्रमाणपत्राचा मजकूर मी असा ठेवेन: ‘धिस इज टू सर्टिफाय दॅट’, मग नाव, ‘हॅज बीन अवॉर्डेड द सेकंड प्राइज इन द रांगोळी काँपिटिशन’, वयोगट, तारीख, खाली परीक्षक आणि सचिव यांच्या सह्या. वयोगट विसरू नका. एकाच स्पर्धेत तीन गट असले की तीन ‘फर्स्ट प्राइज’ होतात, आणि नंतर शाळेत प्रमाणपत्र दाखवताना प्रश्न येतो. नुसता भाग घेतलेल्या मुलांसाठी ‘अवॉर्डेड’ वापरू नये, कारण तिथे कोणी निवड केलेली नसते. ‘प्रेझेंटेड टू’ आणि ‘फॉर पार्टिसिपेटिंग इन’ प्रामाणिक वाटतं. उत्तेजनार्थला ‘कन्सोलेशन प्राइज’ रूढ आहे, पण त्यात हरलेल्याचं सांत्वन आहे. लहान मुलांसाठी ‘स्पेशल मेन्शन’ मला जास्त आवडतं.

‘फेलिसिटेट’चा इंग्रजी कोशातला अर्थ अभिनंदन करणं. सत्कार या अर्थाने तो मुख्यतः भारतात चालतो, आणि आपल्या वाचकांपुरता तो ठीक आहे. फक्त सत्कार माणसाचा होतो हे लक्षात ठेवा: ‘फेलिसिटेशन ऑफ स्टुडंट्स’ बरोबर, ‘फेलिसिटेशन ऑफ प्राइजेस’ चूक. प्रमाणपत्र परदेशी अर्जाला जोडलं जाणार असेल तर ‘ऑनर्ड’ लिहा.

उच्चार ‘अवॉर्ड’, जोर ‘वॉर्ड’वर. सूत्रसंचालकाला हे आधी सांगून ठेवा, माइकवर ‘अॅवार्ड’ फार ऐकू येतं.

पाहुणे पद्म पुरस्काराचे मानकरी असतील तर निमंत्रणपत्रिकेत आणि फ्लेक्सवर नावाआधी ‘पद्मश्री’ छापू नका, हौसेने छापलं जातं म्हणून सांगतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद 18नुसार लष्करी आणि शैक्षणिक वगळता राज्य कोणताही किताब देत नाही. हे सन्मान किताब नाहीत आणि नावाच्या मागे-पुढे लावता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने 1995मध्ये स्पष्ट केलं आहे. ‘डॉ.’ किंवा ‘कर्नल’ खुशाल लावा. पद्म सन्मानाचा उल्लेख पाहुण्यांचा परिचय करून देताना तोंडी करा, तिथे तो शोभतोही.