गावच्या महाजनांचा, म्हणजे देवस्थानच्या वंशपरंपरागत सभासदांचा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सोडला तर नातेवाईक रुसतात, ठेवला तर डोकं उठतं. काय करावं?

सोडू नका, अर्काइव्ह करा, म्हणजे ग्रुप मुख्य यादीतून बाजूला जातो. नुसतं म्यूट केलं की आवाज थांबतो, पण ग्रुप यादीत वर येतच राहतो आणि हात तिकडे जातोच. सेटिंग्ज, चॅट्स, मग ‘कीप चॅट्स अर्काइव्हड’ चालू ठेवा, नाहीतर नवीन मेसेज आला की ग्रुप परत वर. तुम्हाला कोणी टॅग केलं तर मात्र कळेल. जत्रेची वर्गणी, पालखीची वेळ चुकायची नाही.

‘वाचूनही उत्तर नाही’ हा खरा जाच. निळ्या खुणा बंद केल्या तरी ग्रुपमध्ये त्याचा उपयोग शून्य: मेसेज पाठवणाऱ्याला ‘इन्फो’मध्ये कोणी वाचलं ते दिसतंच. म्हणून टॅग केल्याचं नोटिफिकेशन आलं तर तिथूनच वाचा, चॅट उघडू नका.

२०२२ पासून ग्रुप सोडल्याची सूचना फक्त अ‍ॅडमिनला जाते. पण माजी सदस्यांची यादी ६० दिवस कोणीही पाहू शकतो, आणि गावात एकाला कळलं की झालंच! सोडायचाच असेल तर चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) तोंडावर तरी नको. माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या सजावटीच्या, फोटोंवर कोण गप्प आहे हे तेव्हाच मोजलं जातं.