‘हलकं करिअर’ सुचवाल का?

प्रश्न : माझी मुलगी १९ वर्षांची आहे. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला राज्यशास्त्र शिकते. दोन वर्षांपूर्वी तिला ल्युपस असल्याचं निदान झालं. सांधे दुखतात, मधूनच ताप येतो, थकवा तर पाचवीला पुजलेला. एक सत्र बुडालं. वर्गप्रतिनिधी म्हणून निवडून आली होती, पण दगदग नको म्हणून मीच तिला राजीनामा लिहायला लावला. आधी बरी होऊ दे, मग बाकीचं बघू, असं आमचं म्हणणं. तिला झेपेल असं एखादं हलकं करिअर सुचवाल का? – एक आई

उत्तर : ताई, तुमचं पत्र चार पानांचं होतं, इथे त्याचा सारांशच दिलाय. औषधं, तपासण्यांच्या तारखा, ताप कधी आला, कधी उतरला, सगळं तुम्ही नेटकं टिपलंय. मुलीला स्वतःला काय करायचंय, ते मात्र चारही पानांत सापडलं नाही.

‘आधी बरी होऊ दे, मग’ या वाक्यातल्या ‘मग’पाशी मी अडखळलो. ल्युपसमध्ये शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच अवयवांवर उलटते. औषधांनी आजार आटोक्यात राहतो, महिनोन्‌महिने शांतही असतो, पण आजच्या घडीला तो मुळापासून जात नाही. अधूनमधून पुन्हा उसळतो. शिक्षण, नोकरी, मैत्रिणी, निवडणुका हे सगळं त्या ‘मग’च्या पलीकडे ठेवलंत, तर ते तिथेच पडून राहील.

आता ‘हलकं’ या शब्दाकडे येतो. यात मीही एकदा सपशेल चुकलोय. डायलिसिसवर असलेल्या एका मुलाला मी बैठं, ठरावीक वेळेचं काम सुचवलं होतं. डायलिसिस साधारणपणे आठवड्यातून तीनदा, दर वेळी चारेक तास. मी ते तास वजा केले आणि गणित जमलं असं समजलो. डायलिसिसनंतर अंगात त्राण उरत नाही, दुसऱ्या सकाळी डोकं उचलवत नाही, हे मी विचारलंच नव्हतं. पाच महिन्यांत त्याने ते काम सोडलं. पुढे त्याने भाषांतराचं काम धरलं. ते डोक्याला कितीतरी जड, पण मुदत पाळली की झालं, रात्री दहाला करा नाहीतर पहाटे.

तेव्हापासून मी कामाकडे बघताना दोनच गोष्टी आधी विचारतो. हे काम पुढे-मागे सरकवता येतं का? आणि एखाद्या दिवशी आपण नसलो तर ते कुणी उचलू शकतं का? स्वागतकक्षातली नोकरी हलकी दिसते, पण तिथली खुर्ची रिकामी राहून चालत नाही. दिवसभर माहिती टंकणं सोपं वाटतं, पण सुजलेल्या बोटांना विचारा. राज्यशास्त्राच्या मुलीला धोरण-संशोधन, संपादन, कायद्याचे मसुदे, संस्थांच्या अर्ज-अहवालांचं लेखन हे सगळं खुलं आहे. यातलं एकही हलकं नाही. दुपारच्या उन्हातलं सर्वेक्षण मात्र मी टाळेन, कारण उन्हाने ल्युपस उसळू शकतो.

डोरोथी हॉजकिन या रसायनशास्त्रज्ञ बाईंना वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी संधिवाताचं निदान झालं. बोटं वाकडी होत गेली. क्ष-किरण यंत्राचा मुख्य खटका दाबता येईना, तेव्हा त्यांनी त्याला लांब दांडा बसवून घेतला. १९६४ साली त्यांना नोबेल मिळालं. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते पुढचं : १९७६ ते १९८८ त्या अण्वस्त्रांविरुद्ध काम करणाऱ्या पगवॉश परिषदेच्या अध्यक्ष होत्या. तुमच्या मुलीने नोबेल आणावं म्हणून हे सांगत नाही. तो दांडा लक्षात ठेवा.

तिच्यासाठीचा दांडा म्हणजे एखादा अर्जही असू शकतो. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क करारात शिक्षण आणि नोकरीच्या ठिकाणी ‘वाजवी सोय’ देण्याचं तत्त्व आहे, आणि दीर्घकाळच्या शारीरिक अडचणी त्याच्या कक्षेत येऊ शकतात. अर्जात आजाराची कहाणी नको, गरज लिहायची. ‘सकाळी बोटं आखडलेली असतात, म्हणून पेपर दुपारच्या सत्रात मिळावा आणि दर तासाला पाच मिनिटं थांबू द्यावं.’ सोबत डॉक्टरांचं पत्र. बस्स. नोकरीतही तसंच. निदानाचं नाव कुणाला सांगायचं, कुणाला नाही, हे तिने ठरवावं. तुम्ही नातेवाइकांना आधीच सांगून टाकलं असेल, तर यापुढे तिला विचारून सांगा.

सहा आठवडे तिला एक वही ठेवू द्या. आज काय केलं आणि उद्या त्याचं काय झालं, एवढंच. बरं वाटतंय म्हणून एका दिवसात सगळं उरकायचं आणि मग तीन दिवस अंथरूण धरायचं, हे चक्र वहीत लगेच दिसतं. थकायच्या आधी थांबायचं असतं, आणि ते कुठे, हे वहीशिवाय कळत नाही. (ही वही तुम्ही भरायची नाही.)

राहिला वर्गप्रतिनिधीचा प्रश्न. त्याचं मला खरंच वाईट वाटलं. १९८३ साली अमेरिकेत डेन्व्हरला एड्स झालेल्या काही लोकांनी एक जाहीरनामा लिहिला. आम्हाला ‘बळी’ म्हणू नका, आमच्यासाठी चालणाऱ्या संस्थांच्या निर्णयात आम्हाला जागा द्या, असं त्यात होतं. तेव्हा त्या आजारावर परिणामकारक औषधही नव्हतं. बरं होईपर्यंत थांबायला त्यांच्याकडे वेळच नव्हता. तुमच्या मुलीला तर मुलांनी मत देऊन निवडलंय. प्रत्येक बैठकीला हजर राहणं म्हणजेच प्रतिनिधित्व, असं थोडंच आहे? विषयपत्रिका आधी मागवावी, म्हणणं लेखी पाठवावं, फोनवरून सामील व्हावं, एक सहप्रतिनिधी जोडून घ्यावा. मतदानाचंही तेच. रांगेत न थांबता किंवा टपालाने मत देण्याची सोय बऱ्याच ठिकाणी असते, पण अर्ज मुदतीच्या आत करावा लागतो.

व्यायाम, विश्रांती किती, हे डॉक्टरांना विचारा, तो माझा प्रांत नाही. राजीनामा मंजूर झालाय का, हे मात्र उद्याच तिला कॉलेजात विचारू द्या. झाला नसेल तर परत घेता येईल. आणि पुढचं पत्र तिच्या हातचं येऊ दे, दोन ओळींचं असलं तरी.