सपोझिटरी साच्यात घट्ट होत नाहीत? उकाड्याला बोल लावण्याआधी बीकरकडे बघा

कळव्याहून टाकलेली तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं ठणकलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमची तक्रार थोडक्यात अशी: फायनल इयरचा प्रोजेक्ट, पॅरासिटामॉलच्या सपोझिटरी (गुदमार्गाने घालायच्या, शरीरात वितळणाऱ्या औषधी कांड्या), प्रत्येकीत २५० मिलिग्रॅम औषध, १ ग्रॅमचा १२ खणांचा पितळी साचा, बेस (म्हणजे औषध ज्यात मिसळायचं ते) कोको बटर. १४ नगांचं मिश्रण केलं, पण खरवडलेला माल परत वापरूनही जेमतेम साडेबारा नग निघाले. साच्यात घट्ट होईनात म्हणून फ्रीजमध्ये ठेवल्या, तर बाहेर काढल्यावर बोटाला चिकटतात. मग ८ टक्के मधमेण घातलं, आता ३७ अंशांच्या पाण्यात अर्ध्या तासानंतरही तशाच. मोडून पाहिलं तर टोकाला पांढरा थर. ॲसे (नगात मोजून मिळालेलं औषधाचं प्रमाण) १११ टक्के. आणि सरांचं मत, "मे महिना आहे, ठाण्यात दुसरं काय होणार, एसी लावा."

एसी लावून हे सुटणार नाही. साचा काय, ट्रिट्युरेशन (पावडर घोटून बारीक करणं) काय हे तुम्हाला येतं असं धरून पुढे जातो.

आधी घट्ट न होण्याचं बघू, कारण बाकीच्या बऱ्याच चुका त्याच्या पोटातून आल्यात. कोको बटरचे स्फटिक एकापेक्षा जास्त प्रकारचे असतात. आपल्याला हवा तो बीटा, साधारण ३४-३५ अंशांना वितळणारा. बटर ३६ अंशांच्या वर जाऊन पूर्ण पातळ झालं की त्यातली बीटाची सगळी बीजं (ज्यांवर नवे स्फटिक वाढतात ते बारीक कण) मरतात. मग ते थंड होताना जे गोठतं तो अल्फा प्रकार, आणि तो २२ ते २४ अंशांना वितळतो. म्हणजे तुमच्या लॅबमध्ये एसी २४ वर असला तरी ते लिबलिबीतच राहणार. फ्रीजमध्ये कडक होईल, बोटांत धरलं की पाणी. ठाण्याचा मे काय आणि डिसेंबरातली दुपार काय, अशा बटरला दोन्ही सारखेच. अल्फाचा पुन्हा बीटा व्हायला काही दिवस लागतात, आणि तेवढा धीर प्रॅक्टिकलला नसतो.

ओळखायची खूण सोपी आहे. ओतायच्या वेळी बीकर उजेडात धरा. वरणावर सोडलेल्या तुपासारखं स्वच्छ, सोनेरी, आरपार दिसत असेल तर ते गेलं. बरोबर असेल तर ते गढूळ, दाटसर, साईसारखं दिसतं आणि काचेच्या कांडीवरून तुटक न पडता आळसावल्यासारखं ओघळतं. स्वच्छ दिसलं की "छान वितळलं" म्हणून आनंदाने ओतणारे मी पुष्कळ पाहिलेत.

करायचं कसं: बटर किसणीवर किसून घ्या. दोन तृतीयांश बीकरमध्ये, एक तृतीयांश बाजूला. वॉटर बाथचं पाणी ४० अंशांच्या आसपास, त्याहून गरम नको. थोडे कण शिल्लक असतानाच बीकर बाहेर काढा, ते ढवळण्यानेच विरघळतात. मग बाजूला ठेवलेला कीस टाका. बीजं त्याच्यातून येतात. बीकरमधलं तापमान ३३-३४ च्या पुढे जाता कामा नये. आणि थर्मामीटर बीकरमध्ये बुडवा. बाथच्या डिस्प्लेवरचा आकडा पाण्याचा असतो, आणि तळाशी हीटर असला तर बीकरचं बूड त्याहूनही तापतं. हॉट प्लेटवर थेट ठेवायचं तर नावच काढू नका.

आता मधमेण. सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, आणि पुस्तकातल्या एका ओळीमुळे होते. मधमेण वितळबिंदू वाढवतं हे खरं. पण ते कशासाठी? कापूर, मेंथॉल, फिनॉल, क्लोरल हायड्रेट असली औषधं कोको बटरमध्ये विरघळून त्याचा वितळबिंदू खाली आणतात, तेव्हा भरपाई म्हणून साधारण ४ टक्के घालतात. ३ च्या खाली घातलं तर उलट वितळबिंदू उतरतो, ५-६ च्या वर गेलं तर सपोझिटरी शरीरात वितळतच नाही. पॅरासिटामॉल असलं काही करत नाही, तेव्हा तुमच्या फॉर्म्युल्यात मेणाला जागाच नव्हती. शिवाय मेण स्वतः ६२ अंशांच्या वर वितळतं. ते मिसळायला तुम्ही सगळं बटर ६५ पर्यंत नेलं असणार, म्हणजे उरलीसुरली बीजंही गेली. मूळ रोग जास्त तापवण्याचा आणि औषध म्हणून आणखी तापवणं! कधी खरंच मेण लागलंच, तर ते थोड्याशा बटरमध्ये वितळवा, ते ३५ पर्यंत उतरू द्या, आणि मग उरलेलं बटर किसून घाला. ८ टक्क्यांची बॅच फेकून द्या. तिच्यात आणखी बटर घालून "पातळ" करत बसू नका.

फार्माकोपियाची (औषधांच्या अधिकृत मानकांच्या ग्रंथाची) अट तुम्हाला माहीत असेलच: चरबीच्या बेसची सपोझिटरी ३० मिनिटांत, पाण्यात विरघळणाऱ्या बेसची ६० मिनिटांत विघटित व्हायला हवी. पण तिथवर जायच्या आधी एक नग परीक्षानळीत ३७ अंशांच्या पाण्यात सोडून बघत जा. दहा मिनिटांत कळतं.

आता १११ टक्के. याचा उकाड्याशी काडीचाही संबंध नाही, हा डिस्प्लेसमेंट व्हॅल्यूचा घोळ आहे, आणि साडेबारा नगांतच तो ओरडून सांगत होता. तुम्ही १४ × १ ग्रॅम = १४ ग्रॅम, त्यातून औषध ३.५ ग्रॅम वजा, म्हणून बेस १०.५ ग्रॅम घेतलात ना? साचा ग्रॅम मोजत नाही, जागा मोजतो. पॅरासिटामॉलची डिस्प्लेसमेंट व्हॅल्यू १.५ धरतात, म्हणजे १.५ ग्रॅम पावडर १ ग्रॅम बेसची जागा खाते. तुमच्या ३.५ ग्रॅमने फक्त २.३३ ग्रॅम बेसची जागा घेतली. १०.५ आणि २.३३ मिळून १२.८३. साच्याचा एक खण खरं तर १.०२ ग्रॅम बेस घेतो असं समजू, तर १२.८३ ÷ १.०२ = १२.५८ नग. साडेबारा! आणि ३.५ ग्रॅम औषध १२.५८ नगांत वाटलं की प्रत्येकी २७८ मिलिग्रॅम, म्हणजे १११ टक्के. तुमच्या ॲसेशी जुळतंय, म्हणून १.०२ हा अंदाज फार चुकला नसावा.

बरोबर हिशेब असा: १४ × १.०२ = १४.२८, वजा २.३३, बेस ११.९५ ग्रॅम. एकूण १५.४५, प्रत्येक नग १.१० ग्रॅम. तुमच्या चुकीच्या नगाचं वजन किती येतं? १४ ÷ १२.५८ = १.११. बघा, दोन्हींत शंभरावा भाग फरक. म्हणून वजनाच्या कसोटीत (२० नगांत दोनपेक्षा जास्त नग सरासरीच्या ५ टक्क्यांपलीकडे नकोत, १० टक्क्यांपलीकडे एकही नको) तुम्ही सुटता आणि ॲसेत अडकता. "१ ग्रॅमच्या साच्यातून १.१ ग्रॅम कसे?" म्हणून तासत बसू नका, १.१ च बरोबर आहे.

साचा कॅलिब्रेट करताना नुसता बेस ओता, तासा, बाराही नग एकत्र तोला, बाराने भागा. साच्यावर छापलेल्या १ ग्रॅमवर विश्वास ठेवायचा नाही. बेस बदलला की पुन्हा करायचं. ग्लिसरो-जिलेटिन (ग्लिसरीन-जिलेटिनचा बेस) तर त्याच खणात वजनाने १.२ पट भरतं. साच्याच्या दोन्ही अर्ध्या भागांवर एकच नंबर असतो, तो बघून जोड्या लावा. कॉलेजात धुताना अदलाबदल हमखास होते, आणि मग सांध्यातून माल गळतो.

डिस्प्लेसमेंट व्हॅल्यू पुस्तकातून न घेता स्वतः काढायची असेल तर: नुसत्या बेसचे ६ नग, समजा ६.१२ ग्रॅम. २५ टक्के औषध घातलेले ६ नग, समजा ६.६८ ग्रॅम. त्यात औषध १.६७, बेस ५.०१. हटलेला बेस ६.१२ − ५.०१ = १.११. म्हणून १.६७ ÷ १.११ = १.५. व्हायवाला हे तोंडपाठ नको, करून दाखवता यायला हवं. झिंक ऑक्साइडची व्हॅल्यू ४.७ च्या आसपास असते, तिथे हीच चूक आणखी मोठी होते.

टोकाचा पांढरा थर म्हणजे औषध तळाशी बसलं, कारण साच्यात टोक खाली असतं. पातळ, गरम माल ओतला की हेच होतं, वरचं तापमान सांभाळलंत की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं: पॅरासिटामॉल बारीक चाळून घ्या, कोमट टाइलवर थोड्या वितळलेल्या बेसमध्ये स्पॅच्युलाने गुठळी न राहील असं घोटा, मग बाकीच्यात मिसळा. ढवळताना हवा कोंडू नका. ओतताना मध्ये थांबू नका, आणि खण काठोकाठ नाही तर थोडा वर येईल इतका भरा, कारण बटर आकसतं. साचा फ्रीझरमध्ये गार करून आणू नका. आपल्याकडच्या दमट हवेत, जुलैत तर विचारूच नका, खणात लगेच दव साठतं आणि नगांवर खड्डे पडतात. साच्याला आतून लावायला मऊ साबण १ भाग, ग्लिसरीन १ भाग, ९० टक्के अल्कोहोल ५ भाग. तेल लावू नका, ते बटरमध्येच मुरतं. तेल किंवा लिक्विड पॅराफिन ग्लिसरो-जिलेटिनसाठी.

माझं मत विचाराल तर (सरांना पटेलच असं नाही) कोको बटर हा आता परीक्षेपुरता बेस उरलाय. गाइडने परवानगी दिली तर हार्ड फॅट (सपोझिटरीसाठी तयार मिळणारी चरबी) घ्या, उदाहरणार्थ विटेपसॉल एच-१५, वितळबिंदू ३३.५ ते ३५.५. बीजं मरायची भानगड नाही, साचा सहज सुटतो. फक्त एकदम गार केलं तर तडकतं. तसं होत असेल तर विटेपसॉलचाच डब्ल्यू-३५ बघा, त्याचा हायड्रॉक्सिल नंबर (चरबीतल्या मोकळ्या हायड्रॉक्सिल गटांचं माप) जास्त असल्याने ते कमी ठिसूळ असतं. पॉलिएथिलीन ग्लायकॉल (पाण्यात विरघळणारा बेस) उन्हाळ्यात टिकतं म्हणून कोणी सुचवेल. पण पॅरासिटामॉल त्यात चांगलं विरघळतं, आणि ज्या बेसमध्ये औषध रमतं तो बेस ते लवकर सोडत नाही. शिवाय हे ग्लायकॉल आतलं पाणी ओढून झोंबतं, म्हणून घालण्याआधी ओलं करावं लागतं.

जाता जाता बाहेरच्या टेस्टिंग लॅबबद्दल. नाव घेत नाही. दुपारी दोन वाजता आमचे नमुने बाइकच्या डिकीत टाकून ठाणे-बेलापूर रोडने नेले, बर्फाचा पॅक नाही की डबा नाही. वाटेत वितळले, तिथल्या फ्रीजमध्ये परत गोठले, औषध टोकाशी बसलं, आणि त्यांनी टोकाकडचाच तुकडा तोलून ॲसे केला. रिपोर्टवर फक्त "फेल". नमुना कोणत्या अवस्थेत आला हे लिहायला कोणी तयार नाही, फोन उचलायला तर नाहीच. तीन आठवडे आम्ही फॉर्म्युल्यात खोट शोधत बसलो. तुम्ही नमुने स्वतः घेऊन जा, डब्यात थंड पॅक ठेवा, आणि अख्खे नग वितळवून एकजीव केल्यावरच भाग तोलायचा हे लेखी द्या.

पोस्टच्या शेवटी भाचीसाठी मागवलेल्या तयार सपोझिटरी कुरिअरने मऊ आल्या, चालतील का, असं विचारलंत. मी डॉक्टर नाही. पाकीट फुटलं-गळलं नसेल तर अख्ख्या नगातलं औषध आतच असतं, पण आकार बिघडलेला नग मुलाला घालणं अवघड आणि साठवणीची अट मोडलेली, तेव्हा दुकानदाराकडून बदलून घ्या. नुसतीच किंचित मऊ असेल तर वेष्टनासकट गार पाण्याच्या नळाखाली धरा. अर्धी करून देऊ नका, वरच्या टोकाच्या गोष्टीवरून कारण कळलंच असेल. तोंडावाटे सिरप चालू असेल तर त्यातलं पॅरासिटामॉलही डॉक्टरांना सांगा. आणि कॉलेजात बनवलेली सपोझिटरी चुकूनही घरी नेऊ नका.

बॅच पुन्हा लावलीत की दोन आकडे इथे टाका: तुमच्या साच्यात मावणारं नुसत्या बेसचं वजन आणि ओतताना बीकरमध्ये बुडवलेल्या थर्मामीटरचं तापमान. बाथच्या डिस्प्लेचा फोटो नको.