गोझोत राहायचं असेल तर समुद्राकडे थोडी पाठ फिरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरी माल्टात लागली आहे, भाडं कमी म्हणून शेजारच्या गोझो बेटावर राहावं असं मनात आहे, पण व्हिडिओंमध्ये निळ्या पाण्यापलीकडे काही दिसत नाही. तर रोज राहणाऱ्या माणसाला तिथे काय मिळतं? मी गोझोतल्याच एका गावात राहतो, म्हणून सविस्तर लिहितो.

समुद्राचं अप्रूप पहिल्या उन्हाळ्यापुरतं. हे बेट 67 चौरस किलोमीटरचं आणि वस्ती सुमारे 39 हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. पण या एवढ्याशा वस्तीच्या मुख्य गावात, व्हिक्टोरियात (जुनी माणसं अजून रबातच म्हणतात), एकाच रस्त्यावर दोन ऑपेरा हाउस आहेत! एक ऑरोरा, दुसरं आस्त्रा. ती सरकारची नाहीत, गावच्या बँड क्लबांची, म्हणजे वाजंत्री मंडळांची आहेत. ऑरोरा लिओने क्लबचं, म्हणजे कॅथेड्रलवाल्यांचं. आस्त्रा ला स्तेल्ला क्लबचं, म्हणजे सेंट जॉर्जच्या बॅसिलिकावाल्यांचं. शेजारच्या मंडळाचा देखावा आपल्यापेक्षा भारी झाला तर पुण्यातल्या कार्यकर्त्याचं जे होतं, तेच इथे ऑपेरावरून होतं. दर ऑक्टोबरात दोघेही आपापला ऑपेरा उभा करतात. मुख्य गायक बाहेरून येतात, पण कोरसमध्ये आणि पडद्यामागे गावचीच माणसं राबत असतात. घराण्याघराण्यांत ठरलेलं असतं, कोण कुठल्या बाजूचा. तुम्हालाही कधीतरी विचारतीलच. मी अजून हसून वेळ मारून नेतो.

हीच चुरस उन्हाळ्यात फेस्टाला दिसते. फेस्टा म्हणजे गावच्या संताचा उत्सव. प्रत्येक गावाचा वेगळा, त्यामुळे जूनपासून सप्टेंबरपर्यंत कुठे ना कुठे बँड वाजतच असतो. रस्त्याच्या दुतर्फा लाकडी खांबांवर पुतळे, वर मखमली पताका, आणि शेवटच्या संध्याकाळी संताची मूर्ती खांद्यावरून निघते. सकाळी आठला मात्र आवाजाचे बार सुरू होतात, नुसता धडाका. घरात तान्हं मूल किंवा कुत्रं असेल तर चर्चच्या चौकापासून लांब घर बघा, एवढंच सांगतो.

आपल्या 15 ऑगस्टला इथेही सुट्टी असते, सांता मारियाची, म्हणजे मेरी मातेच्या सणाची. व्हिक्टोरियाच्या कॅथेड्रलचा फेस्टा त्याच दिवशी. या तारखेला आणखी एक आठवण चिकटलेली आहे. 1942 मध्ये वेढ्यात उपाशी पडलेल्या माल्टाला रसद घेऊन निघालेल्या ताफ्यातलं ‘ओहायो’ हे तेलवाहू जहाज, बॉम्बनी खिळखिळं झालेलं, दोन युद्धनौकांच्या मध्ये बांधून त्याच दिवशी बंदरात आणलं गेलं. म्हणून त्या ताफ्याला सगळे सांता मारियाचा ताफा म्हणतात. म्हाताऱ्या शेजाऱ्यांकडे हा विषय काढा, चहा गार होईल.

पोहायला कुठे जायचं हे इथली माणसं वाऱ्यावरून ठरवतात. उत्तरेचा वारा असेल तर दक्षिणेच्या खाडीत, इम्जार इश्-शिनीला. दक्षिणेचा असेल तर उत्तरेला, मार्सालफोर्न किंवा रामलाच्या तांबूस वाळूवर. पर्यटक भर वाऱ्यात चुकीच्या बाजूला लाटा खात बसलेले असतात. अझुर विंडो ही प्रसिद्ध दगडी कमान बघायची तुमची इच्छा असेल तर ती 8 मार्च 2017 ला वादळात कोसळली. जुन्या फोटोंवर भुलू नका.

मला विचाराल तर खरं गोझो नोव्हेंबर ते मार्च. आपल्या उलट, इथे पाऊस थंडीत पडतो. उन्हाळ्यात भाजलेल्या विटेसारखी दिसणारी जमीन जानेवारीत हिरवीगार होते आणि शेतांच्या बांधांवर पिवळ्या फुलांचे गालिचे पसरतात. ती आपल्या आंबुशीचीच मोठी बहीण, मूळची दक्षिण आफ्रिकेची. इथली मुलं तिचे आंबट देठ चघळतात. दगडी गडग्यांमध्ये केपरची झुडपं असतात, त्यांच्या कळ्या वसंतात खुडून मिठात मुरवायच्या. मीठही इथलंच: मार्सालफोर्नच्या पुढे श्वेनीला खडकात कोरलेली मिठागरं आहेत, काही कुटुंबं उन्हाळ्यात अजूनही हाताने मीठ गोळा करतात.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहाऱ्याचं अडत नाही. ज्बेयना नावाचं मेंढीच्या दुधाचं छोटं गोल चीज आणि बाकल्याच्या जातीचे सुके दाणे वाटून केलेली, लसूण घातलेली बिगिल्ला, एवढ्यावर माझं जेवण होतं. मासे खात असाल तर ऑगस्टच्या मध्यापासून लाम्पुकीची वाट बघा. कोळी समुद्रात ताडाच्या झावळ्यांचे तरंगते तराफे सोडतात, त्यांच्या सावलीत हे मासे जमतात आणि भोवती जाळं टाकलं की काम झालं.

आता व्यवहाराचं. फेरी माल्टातल्या चिर्केवाहून गोझोच्या इम्जार बंदराला साधारण 25 मिनिटांत जाते, पैसे फक्त गोझोहून परत निघताना घेतात. रोज ये-जा करणारे पुष्कळ आहेत, पण हिवाळ्यात वारा चढला की फेरी थांबते, तेव्हा ऑफिसात हे आधीच बोलून ठेवा. 2021 पासून थेट माल्टाच्या राजधानीला, व्हॅलेटाला जाणारी जलद बोटही आहे. रहिवाशांना आपल्या नावाच्या कार्डावर बस फुकट.

घर बघताना उन्हाळ्यात भुलू नका. चुनखडीच्या जाड भिंती मे-जूनमध्ये गारवा देतात, पण फेब्रुवारीत त्याच ओल धरतात. घरात बाहेरपेक्षा जास्त थंडी वाजते आणि कपाटातल्या चपलांवर बुरशी येते. भिंतींचे खालचे कोपरे आणि पलंगामागची भिंत हात लावून बघा, नव्याने रंगवलेली असेल तर का रंगवली ते विचारा. ओल शोषणारं यंत्र घरमालकाकडूनच मागून घ्या. जुन्या घरांखाली पावसाच्या पाण्याचं टाकं असतं, ते चालू असेल तर झाडांना, धुण्याला सोय होते, कारण नळाचं पाणी बरंचसं समुद्राचं गोडं केलेलं आणि चवीला कसंतरीच. मिक्सर खुशाल आणा, व्होल्टेज आपल्यासारखंच आहे. सॉकेट मात्र ब्रिटिश पद्धतीचं, तीन चौकोनी पिनांचं, तेव्हा दोन-तीन अडॅप्टर बॅगेत टाका.