‘शाम्पू’ हा शब्द मूळचा इंग्रजीच ना?

नाही, तो आपल्याकडूनच तिकडे गेला. हिंदीत ‘चाँपना’ म्हणजे दाबणे, चेपणे. त्याचं आज्ञार्थी रूप ‘चाँपो’. इथे इंदूरला केस कापून झाले की न्हावी विचारतो, “भैया, चंपी कर दूँ?” ती चंपी याच घराण्यातली. अठराव्या शतकातले इंग्रज ‘शाम्पू’ म्हणत ते अंग रगडून घेण्याला. फेसाचा काही संबंध नव्हता. १७५९ साली पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन महंमद यांनी इंग्लंडमध्ये ब्रायटनला स्नानगृह काढून ही चंपी एवढी गाजवली की चौथ्या जॉर्ज राजाचे ते ‘शाम्पूइंग सर्जन’ झाले. (काय हुद्दा आहे!) केस धुण्याचा अर्थ एकोणिसाव्या शतकात चिकटला, बाटलीतल्या द्रवाला हे नाव त्यानंतर मिळालं.